भविष्यकाळाचं पुस्तक आणि आमचा मॅट्रिकचा वर्ग

आम्ही जुने वर्गमित्र ओट्यावर बसलो की दोन गोष्टींचा ढीग होतो. एक चहाच्या कपांचा, दुसरा ढोबळे सरांच्या किश्शांचा. कप निदान विसळता तरी येतात.

सत्तावन्न साली सर आष्टीजवळच्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आले, तेही वर्षभराच्या बोलीवर. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "इन्स्पेक्टरसाहेबांचा शेरा चांगला आला तर कायम. नाहीतर मोटारस्टँड जवळच आहे." एवढं ऐकूनही या गृहस्थांनी काय केलं, तर व्याकरण बाजूला ठेवून एक इंग्रजी कादंबरी काढली. पुढच्या काळातलं एक भयंकर राज्य, आणि तिथे माणसाचं सगळं सरकारच ठरवतं!

पुस्तक एकच आणि आम्ही बावीस जण. सरांनी ब्लेडने शिवण उसवून त्याचे अकरा भाग केले आणि दोघांत एक वाटला. आम्ही हबकलो. आमच्याकडे पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करतात. सर म्हणाले, "फाटलेलं पुस्तक चालेल, न वाचलेलं चालणार नाही." मग रोज एकाने उभं राहून आपला भाग सांगायचा.

०

पहिला भाग बबनचा. त्या राज्यात पहाटे चारला घंटा होते, सगळ्यांचे कपडे एकसारखे, जेवण अळणी, आपापलं ताट आपणच घासायचं. सरांनी आवाज खाली आणून विचारलं, "काय वाटतं हे ऐकून?"

"सर, हा त माह्या मामाचा आश्रम आहे. फक्त चरखा राह्यला."

"मामा घाबरलेले असतात का?"

"नाई सर. वजन वाढून राह्यलं त्याचं."

०

त्या राज्यात शेजारी शेजाऱ्यावर पाळत ठेवतात. सर म्हणाले, "कल्पना करा, तुम्ही घरात काय केलं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं!" आम्ही पुढचं ऐकायला थांबलो.

शेवटी बबनच म्हणाला, "सर, ते त झालंच. भेवाचं काय आहे ते सांगा ना. काल तुमची वांग्याची भाजी करपली, आज आम्हाले सगळ्याइले माहीत आहे."

०

सातवा भाग माझा. त्याच्या पानांत आईने गूळ बांधून तळेगावला मावशीकडे पाठवून दिला. माराच्या भीतीने मी रात्रभर डोकं खाजवून गोष्ट रचली: नायक तुरुंगातून पळतो, पहारेकऱ्याच्याच घरी झुणका-भाकर खातो आणि पहारेकरी रडतो.

सर म्हणाले, "लेखकाने हे लिहिलेलं नाही." मी छडीसाठी हात पुढे केला. ते पुढे म्हणाले, "पण लिहायला हवं होतं."

चाचणीत बावीसच्या बावीस जणांनी झुणका-भाकर लिहिली. सरांनी मार्कही दिले.

०

आणि मग इन्स्पेक्टरसाहेब आले. हेडमास्तरांनी बजावलं होतं, आज फक्त व्याकरण. पण साहेबांचं लक्ष नेमकं शालिकच्या हातातल्या सुट्या पानांवर गेलं. शालिक आठ मैल चालत यायचा आणि वर्गात क्वचितच बोलायचा. शेवटचा भाग त्याचा होता.

साहेबांनी सांगायला लावलं. शालिकने सावकाश सांगितलं की त्या राज्यात मूल जन्मायच्या आधीच त्याचं काम ठरतं. ते सोडता येत नाही आणि दुसऱ्यांच्या पंगतीत बसता येत नाही.

साहेब सरांवर उखडले. "मुलांना असल्या भलत्या भविष्याची भीती कशाला घालता?"

सरांचा चेहरा उतरला. सर आता जाणार, म्हणून मला रडूच येत होतं.

शालिक अजून उभाच होता. "साहेब, हे पुढचं नाई. आमच्या गावातलं आहे. आमी मागच्या दसऱ्याले नागपूरले दीक्षा घेऊन त्याच्यातून निघालो."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि या पुस्तकातली माणसं? ती निघतात का शेवटी?"

"नाई साहेब," शालिक हसला. "त्याइले कोनी रस्ताच दाखवला नाई."

साहेबांनी शेराबुक मागवलं आणि उभ्या उभ्या लिहिलं, "पुस्तक चालू ठेवावे. शिक्षकही."