चार वाजताचा भोंगा

मित्रांनो, आज माझ्या हातून एक चूक झाली. हसू नका.

परभणीजवळच्या आमच्या तेल कारखान्यात सहा दिवसांपासून संप हाय. नफा झाला म्हणून कंपनीनं गेटवर बॅनर लावलंय, पण नव्या वेतन करारावर सही करीना. सगळे कामगार गेटाबाहेर मंडपात बसलेत. बॉयलरची आग पार विझू द्यायची न्हाई, असं संघटनेनंच ठरवलं. म्हणून बॉयलर सांभाळायला आत मी एकटाच. सहा दिवस घरी गेलो न्हाई.

दुपारी चार वाजले आन् हात आपोआप भोंग्याच्या दांडीवर गेला. अठरा वर्षं पाळी सुटायचा भोंगा मीच वाजवतो. संप लागल्यापासून भोंगा बंद हाय, पाच दिवस हात आवरला, पण आज वाजवला.

लगेच संघटनेच्या शेषराव मामांचा फोन. "काय केलंस रे बाबा? करार झाला समजून निम्मे लोक डबे घेऊन उभे राहिले!"

"चुकलं मामा."

खिडकीतून पाहिलं. एकेक जण परत खाली बसत होता. माझ्याकडं कुणीच बघितलं न्हाई.

मग बायकोचा फोन. आमचं गाव कारखान्याला लागूनच. भोंगा ऐकला की ती माझ्यासाठी तव्यावर भाकर टाकते. आवाज लय खुशीत होता. "मिटलं ना? भाकर टाकली मी. कवा यायलाव?"

"न्हाई मिटलं. सवयीनं वाजवला."

 मग म्हणाली, "बरं. तवा उतरवते."

तुमीच सांगा, उद्या चार वाजता या हाताचं काय करू?