सत्त्याण्णव मिली

रसायनशाळेच्या दारात उभं राहून, आत कोणत्या बाटलीचं बूच सैल राहिलंय हे नुसत्या वासावर सांगणारा माणूस मी एकच पाहिला. कुरखेड्याच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते परिचर होते. खरं नाव हजेरीपुरतं. सगळे त्यांना लॅबभाऊ म्हणत.

उन्हाळ्यात त्यांचा जीव ॲसिटोनच्या बाटल्यांत अडकलेला असे. बाटल्यांना ओलं फडकं गुंडाळून ठेवायचे आणि कुणी झाकण उघडं टाकलं की ओरडायचे, "अरे बाप्पा, झाकण लावा ना! बसल्या जागी उडून राह्यलं ते!" बाष्पदाब मी फळ्यावर शिकवायचे, पण पोरांना तो कळायचा भाऊंच्या ओरडण्यातून. मला याचा थोडा रागही यायचा, खोटं कशाला बोलू.

त्यांच्या घरी पूर्वी मोहाची दारू गाळत. वडील तिच्यापायीच गेले, म्हणून भाऊंनी आयुष्यात थेंब घेतला नाही. "मी वासानं ओळखतो मॅडम, चवीनं नाई," असं हसून सांगायचे.

मग नवे प्राचार्य आले. भाऊंच्या घरची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होतीच. एका दुपारी भाऊ जीवशास्त्राचे नमुने ठेवायला स्पिरिट पातळ करत होते. पन्नास मिली स्पिरिट, पन्नास मिली पाणी. मोजपात्रात भरलं सत्त्याण्णव. मागे उभ्या प्राचार्यांनी पोरांदेखत विचारलं, "उरलेले तीन कुणाच्या पोटात गेले? घरची सवय इथेही का?"

भाऊंचा चेहरा उतरला. मी तिथेच कोपऱ्यात वह्या तपासत बसले होते; ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी सांगा ना यायले."

पाच तास शिकवून मी थकले होते. "मोजताना चुकलं असेल," एवढं म्हणाले आणि पुन्हा वह्या तपासायला लागले. त्याच सकाळी बारावीला मी आदर्श द्रावण शिकवलं होतं. त्यात दोन द्रवांचं आकारमान बेरजेइतकंच भरतं. खरी द्रावणं तशी वागत नाहीत. वीस वर्षं हेच वाक्य लिहून देत आले, आणि ते टेबलावर समोर आलं तेव्हा मला ओळखता आलं नाही.

भाऊंच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि त्यांना फाटकावर बसवलं. पुढच्या आठवड्यात मनात शंका आली म्हणून मी स्वतः मोजून मिसळलं. सत्त्याण्णवच. तेच मोजपात्र घेऊन प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, "असेल हो, पण आता आदेश निघालाय." मी भांडायला हवं होतं. भांडले नाही. त्याची शरम अजून जात नाही.

भाऊंशी बोलायला मला त्यांच्या निवृत्तीचा दिवस उजाडावा लागला. निरोपाचा नारळ घेऊन ते फाटकाशी उभे होते. म्हटलं, "भाऊ, तेव्हा तुमचं काही चुकलं नव्हतं. स्पिरिटात पाणी मिसळलं की कमीच भरतं."

"मले मालूम हाये मॅडम," ते म्हणाले. "इतकी वर्सं मिसळून राह्यलो, दरवेळी कमीच भरते." मग सायकल फाटकाबाहेर काढत, अजिबात न रागावता म्हणाले, "मले वाटलं, तुमाले त मालूम असनच."