एकशे त्रेचाळीस पायऱ्यांची भागधारक

आमच्या बेटावर आग विझवण्याचे काम स्त्रियांकडे आहे. पुरुष पहाटे बोटी घेऊन समुद्रावर जातात ते संध्याकाळी परततात, आणि आगीने तोपर्यंत थांबावे अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. या महिला पथकाच्या प्रमुख हिरोता मिनेको. सुकी मासळी विकणे हा त्यांचा व्यवसाय. मी बेटावरचा शाळामास्तर, म्हणून दिवसा गावातच; तेव्हा पथकाचा चिटणीसही मीच. हजेरीवही माझ्याकडेच असल्याने तपशिलात चूक नसावी.

वस्ती डोंगराच्या उतारावर आहे. बंदरापासून देवळापर्यंत एकशे त्रेचाळीस पायऱ्या. गाडीला वाट नाही. पंप चौघींनी चार मुठींना धरून वर न्यायचा. बावीस वर्षांपूर्वी देवळामागचे कोठार पेटले, तेव्हा हायासे कारखान्याचा आमचा हलका पंप पहिल्याच झटक्याला सुरू झाला आणि वरची एकतीस घरे वाचली. पुढच्याच महिन्यापासून मिनेकोसान त्या कारखान्याचे शेअर घेऊ लागल्या. यजमान तात्सुओ चारचौघांत चेष्टा करीत, की लोकांच्या बायका किमोनो घेतात, आमची पंप घेते. किमोनोने आग विझत नाही, एवढेच उत्तर त्यांना मिळे. भागधारकांना दरवर्षी भेट म्हणून येणारे डबाबंद पाव मिनेकोसान सरावाच्या दिवशी पथकात वाटून टाकीत.

दोन वर्षांपूर्वी कारखान्याचे पत्र आले: हलका पंप बंद होणार, नवा पंप बावीस किलोंनी जड. तो उचलायला पुढे तिघी आणि मागे तिघी अशा सहा जणी लागल्या असत्या आणि आमच्या पायऱ्यांवर शेजारी शेजारी दोघींनाच जेमतेम जागा. जुना पंप थकला की वरची घरे उघडी पडणार होती. मी शेअर विकून टाकण्याचा सल्ला दिला.

"विकले तर मग बोलायचं कोणत्या तोंडानं, मास्तर?" त्या म्हणाल्या.

जूनमध्ये ओसाकाला वार्षिक सभा भरली. त्यांच्या आग्रहाने मीही थोडे शेअर घेतलेले असल्याने मला आत प्रवेश मिळाला. मिनेकोसाननी पायऱ्यांची रुंदी, पथकाची संख्या आणि पंपाचे वजन मोजक्या शब्दांत मांडले. अध्यक्षांनी नम्रपणे मान लववली. "आपल्या सूचनेचा आम्ही सकारात्मक विचार करू."

हे वाक्य म्हणजे सभ्य नकार, हे आमच्या देशात शाळकरी मुलालाही कळते. ऐकणाऱ्याने आभार मानून खाली बसायचे असते. परंतु पथकाचा नियम वेगळा आहे. प्रमुखाचा आदेश मोठ्याने परत म्हणून दाखवायचा. त्यात वेळ सांगितलेली नसेल तर विचारून घ्यायची. उत्तर मिळेपर्यंत जागा सोडायची नाही. तीस वर्षांची ही सवय. मिनेकोसान ताठ झाल्या, हात अंगालगत गेले.

"हलक्या पंपाचा विचार करणार. समजलं. कधीपर्यंत?"

सभागृहात हशा पिकला. आपण कुठे आहोत हे त्यांच्या ध्यानात आले, मान कानांपर्यंत लाल झाली. पण त्या बसल्या नाहीत. अध्यक्षांनी कागद चाळले, शेजाऱ्याकडे पाहिले आणि अखेर सप्टेंबरअखेरपर्यंत असे सांगितले.

"सप्टेंबरअखेर. समजलं." मग त्या बसल्या.

परतीच्या बोटीत त्यांनी बराच वेळ मान वर केली नाही. "भर सभेत मी त्या साहेबांपुढं पथकातल्या पोरीसारखी उभी राहिले हो, मास्तर." इतिवृत्तात तारीख नोंदली गेली आहे, याकडे मी त्यांचे लक्ष वेधले.

सत्तावीस सप्टेंबरला दोन अभियंते नवा पंप घेऊन बेटावर आले. मिनेकोसाननी वाद घातला नाही. दोघांना एकेक मूठ दिली, उरलेल्या दोन मुठी पथकातल्या दोघींकडे सोपवल्या आणि स्वतः पायऱ्या मोजत मागून चालल्या. एकसष्टाव्या पायरीवर पंप खाली ठेवावा लागला. मोठा अभियंता धापा टाकीत बसून राहिला. धाकट्याने खिशातून टेप काढला आणि पायरीची रुंदी मोजली. मग मिनेकोसानच्या हाताची पकडही मोजून घेतली.

तीस तारखेला उत्तर आले. हलका पंप चालू राहणार होता, मुठी लांब करून.

गेल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तो वर नेला. चौघींनी वाटेत कुठेही टेकवला नाही. मिनेकोसाननी आदेश दिला, पथकाने तो परत म्हटला आणि पाण्याची धार देवळाच्या छपरावरून पलीकडे गेली. बंदरावर बोटीची दुरुस्ती थांबवून तात्सुओ वर पाहत होते. शेजारी मासळीचा एक परगावचा व्यापारी उभा होता. पंप कुठल्या कारखान्याचा, असे त्याने विचारले.

"आमच्या हिच्या," तात्सुओ म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.