शेताचं नाव

शेजारच्या कॅरनबाई भिंतीवरच्या वंशवृक्षातल्या चिठ्ठ्या एकेक सोलून काढत होत्या. त्यांचे पणजोबा नॉर्वेहून बोटीनं अमेरिकेला आले. निवृत्त झाल्यापासून बाई बोटींच्या प्रवासी-याद्या चाळत होत्या आणि पणजोबांच्या आडनावाचा जो कुणी सापडेल, त्याला आपल्यात जोडत होत्या. काल नॉर्वेतल्या सरकारी दफ्तरातून पत्र आलं. ते आडनाव घराण्याचं नव्हतं, शेताचं होतं. जो त्या शेतावर राही, तो ते नाव लावी. मालक काय आणि गडी काय. शेत सुटलं की नावही सुटे.

"म्हणजे ही सगळी परकी माणसं," त्या म्हणाल्या.

माझ्या आडनावातलं गाव मी पाहिलेलं नाही, माझ्या वडिलांनीही नाही. तिथं आता आम्हाला कोण ओळखणार?

बोटीवर तापानं गेलेल्या एका चार वर्षांच्या मुलीच्या चिठ्ठीपाशी त्यांचा हात थांबला. "हिच्यासाठी मी रडले होते," त्या म्हणाल्या. मग तीही काढली.

भिंतीवर पणजोबांपासून खाली येणारी एकच ओळ उरली, शेवटी त्यांच्या स्वतःच्या नावाची चिठ्ठी.

"माझ्याखाली तर कुणी नव्हतंच," त्या म्हणाल्या.