रिंगांना लावलेला शेंदूर

शेंदूर बघितला की मला आजही शिसारी येते. देवाचा त्यात काडीचाही दोष नाही, सगळी किळस माणसांची आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मालाची तपासणी करायचे. दोन देशांतल्या दोन कंपन्या भागीदारीत प्रवासी विमानाचं जेट इंजिन बनवत होत्या. त्याच्या आतल्या, तापणाऱ्या भागातल्या काही रिंगा आम्हाला नमुन्यादाखल करून द्यायच्या होत्या. त्या पास झाल्या तर पुढचं काम आमचंच. त्यांची सक्त ताकीद होती की रिंगेवर खुणेची पेन्सिलसुद्धा टेकवायची नाही, आणि शिसं तर आसपासही नको. इंजिन तापलं की जिथे डाग लागला तिथूनच धातूला तडा जातो.

आणि आमच्या शेठने काय करावं? खंडेनवमीला दोन्ही कंपन्यांचे साहेब खास पूजेला बोलावले. लेथला हार घातला, नारळ फोडला, इथपर्यंत ठीक. मग तयार रिंगा पाटावर मांडल्या आणि मारुतीच्या देवळातून आणलेल्या शेंदराने एकेकीवर स्वस्तिक काढलं. शेंदूर म्हणजे शिसंच की! साहेबांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. ताकीद ह्यांचीच बरं का.

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघांना सांगितलं. एक म्हणाला, तापणारा भाग माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे. दुसरा म्हणाला, बाहेरून करून घेतलेला माल ह्यांच्याकडे. दोघांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली आणि पेढे खाल्ले. असली कसली डोंबलाची भागीदारी! ह्यांचं इंजिन घेऊन माणसं आभाळात जाणार, आणि ह्यांना पेढ्याची पडलेली.

दसऱ्यानंतर शेठने रिंगा रॉकेलने पुसून घेतल्या. मी म्हटलं, पुसून भागत नाही, नव्या करू. तर म्हणे देवाच्या शेंदराने कधी कुणाचं वाईट होतं का. मी पासचा शिक्का मारला नाही, तेव्हा माझ्या ड्रॉवरमधून शिक्का काढून ह्याने स्वतः मारला. लाजच कोळून प्यालेला माणूस! खोके दुपारी जाणार होते.

मी खोका उघडला, पहिली रिंग व्हाइसच्या पकडीत लावली आणि हँड ग्राइंडर घेतला. खाच पडली की ती रिंग जगात कुणीच वापरणार नाही. तेवढ्यात आमचे टर्नर काका आले. खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. पावसाळाभर खपून त्या रिंगा त्यांनीच कातलेल्या. वाटलं, आता हे माझा हात धरणार.

त्यांनी रिंगेकडे बघितलं, मग माझ्याकडे. व्हाइस अजून घट्ट आवळला.

"चालव, पोरी. एकपण सोडू नको."

संध्याकाळी शेठने आम्हा दोघांनाही गेटबाहेर काढलं.