उजवीकडचा उजेड

चित्रकलेच्या संघप्रिया खोब्रागडे म्याडमच्या हाताची ख्याती जिवतीच्या डोंगरावर तेवीस वर्षं टिकून होती. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या पट्टी न लावता सरळ रेघ ओढायच्या. खडू एकदा टेकवला की वर्तुळ पुरं करूनच उचलायच्या. पोरं टाळ्या वाजवायची. म्याडम वरवर रागवायच्या, पण मनातून सुखावायच्या. गडचांदूरच्या चुनखडीच्या खाणीत राबलेल्या बापाच्या या लेकीला लहानपणी कोणी खडूसुद्धा हातात दिला नव्हता. जे कमावलं ते या हातानं, हे त्या जाणून होत्या.

होळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळी वेणी घालताना हातातला कंगवा पडला. उचलायला वाकल्या तर बोटं ऐकेनात. नवऱ्यानं, वामनरावांनी, शेजारची जीप काढायला लावून त्यांना चंद्रपूरला नेलं. जीव वाचला, अडखळणारी जीभही महिन्याभरात ताळ्यावर आली. उजवा हात मात्र परक्यासारखा अंगाशी लटकून राहिला.

शाळा उघडली तेव्हा त्यांच्या नोकरीची चार वर्षं उरली होती. मुख्याध्यापक श्रीहरी सर भला माणूस. म्हणाले, "म्याडम, हात सुधारेस्तोवर ग्रंथालय सांभाळा. कोणी काही म्हणणार नाई."

कोणी काही म्हणणार नाही, हेच म्याडमना लागलं. दुसऱ्या दिवशी त्या तडक सातवीच्या वर्गात गेल्या.

फळ्यासमोर उभ्या राहून त्यांनी खडू धरला. डाव्या हातानं उजव्या मनगटाला आधार दिला आणि रेघ ओढली. रेघ निघाली ती थरथरत, खाली झुकत, मध्येच वर उसळत.  म्याडमची कानशिलं तापली. पुसायला डस्टर शोधत होत्या, तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची करिश्मा मडावी उठून उभी राहिली.

"म्याडम, हा आमचा नाला व्हय का?"

पोरीच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. तिला खरंच ओळखीचं काही दिसलं होतं.

"तुझा नाला कसा वळते?" म्याडमच्या तोंडून निघून गेलं.

करिश्मा पुढे आली, खडू घेतला. "इथी मोठा दगड आहे, म्हणून पाणी असं फिरते. इथी बाया कपडे धुतात, तिथी नाला फुगते." तिच्या रेघेला वाकडी म्हणायची कोणाची छाती झाली नसती. पाणी वाहतं तशीच ती होती.

त्या दिवशी म्याडमनी वर्गाला सांगितलं, ज्याला जी रेघ माहीत आहे ती त्यानं काढावी. कोणी बैलगाडीची चाकोरी काढली, कोणी भिंतीची भेग. लालसूनं मुंग्यांची रांग काढली, आणि पानावर मुंगी एकही नव्हती, नुसती रांग होती. तास संपला तेव्हा म्याडमना शिकवल्याचं समाधान नव्हतं. आज वेळ मारून नेली, असंच वाटलं.

पण उद्या पुन्हा वर्गावर जायचं होतं, आणि काढून दाखवायला हात नव्हता. मग त्या पोरांना बाहेर नेऊ लागल्या. सागाच्या खरखरीत पानावर कागद ठेवून पेन्सिल घासायला लावायच्या. खरखर कागदावर उतरली की पोरं हरखायची. अंगठा डोळ्यासमोर धरून माणिकगडाचा डोंगर झाकायला सांगायच्या. "म्याडम, डोंगर अंगठ्याएवढाच भरला!" म्हणून पवन नाचला. आवाज वाढायचा, कागद उडायचे, आणि शेजारच्या वर्गातून तक्रारी यायच्या.

सप्टेंबरच्या अखेरीस चित्रकलेची सरकारी एलिमेंटरी परीक्षा होती. दरवर्षी म्याडमच्या निम्म्याहून अधिक पोरांना 'अ' श्रेणी मिळायची, आणि तो आकडा श्रीहरी सर प्रत्येक बैठकीत सांगायचे. यंदा त्यांचा धीर सुटला. "म्याडम, पोरं रानोमाळ हिंडून राह्यली. निकाल पडला तर मी वर काय सांगू?"

म्याडमही घाबरल्याच होत्या. त्यांनी आपलं जुनं नमुनाचित्र आणून फळ्याशेजारी टांगलं. घागर, दोन वांगी, मागे चुण्यांचं फडकं. स्टुलावर खरी घागरही ठेवली आणि म्हणाल्या, "हे घोटा." पोरं मुकाट्यानं घोटायला लागली. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी करिश्माची पेन्सिल थांबली.

"म्याडम, चित्रातल्या घागरीवर उजेड उजवीकडून आहे. ही घागर त डावीकडून चमकून राह्यली. खिडकी डावीकडं आहे ना. मी कोणता काढू?"

म्याडमनी घागरीकडे पाहिलं, मग चित्राकडे. उत्तर सोपं होतं. तरी "थांब जराशी," एवढंच म्हणाल्या.

रविवारी दुपारी त्यांनी वामनरावांना कॉटखालची पेटी काढायला लावली. तेवीस वर्षांतली पोरांची उत्तम चित्रं त्यात जपलेली. वामनरावांनी ती जमिनीवर एकेक करून पसरली. साऱ्या घागरींवर उजवीकडून उजेड. वांगी तशीच कलंडलेली, फडक्याला चुण्याही तितक्याच.

"सारी एकाच हाताची वाटून राह्यली," वामनराव सहज बोलून गेले.

"एकाच हाताची आहेत," म्याडम म्हणाल्या.

डाव्या हातानं त्या एकेक कागद उचलून कोपऱ्यातलं पोराचं नाव वाचू लागल्या. ही पोरं काहीच शिकली नाहीत, असं म्हणणंही खरं नव्हतं. हात स्वच्छ झाला होता त्यांचा. एकाचं गडचांदुरात पाट्या रंगवायचं दुकान होतं. पण त्यांच्या घरची घागर कशी होती, हे म्याडमनी एकदाही विचारलं नव्हतं. ते आठवून त्यांना वाईट वाटलं, आणि आपल्या हाताचा इतका अभिमान धरला याचंही.

सोमवारी त्यांनी नमुनाचित्र उतरवलं. "जिकडून दिसते तिकडूनच काढा," करिश्माला म्हणाल्या, आणि सरांना जाऊन सांगितलं, "निकालाचं जे होईल ते माझ्या नावावर लिहा."

निकाल पडलाच. बावीस पोरं बसली होती. 'अ' फक्त तिघांना, करिश्माला 'ब', पवन नापास. श्रीहरी सर रागावले नाहीत, नुसता कागद टेबलावर ठेवून चष्मा पुसत राहिले. ते म्याडमना जास्त झोंबलं.

पवनला त्यांनी बोलावलं. "काय झालं रे? तुले त सारं येत होतं."

"म्याडम, घागरीच्या गळ्यापाशी उजेड मोठा गमतीचा होता. पाहता पाहता वेळच संपला. घागर अर्धीच राह्यली."

म्याडमना हसू आलं आणि डोळेही भरले. पाहायला शिकवलं, पण परीक्षेचं घड्याळ कोणासाठी थांबत नाही, हे सांगायचं राहून गेलं होतं. चूक त्यांची होती, आणि त्यांनी ती पवनसमोर कबूल केली. "पुढच्या वर्षी पुन्हा बस. तुह्यं नाव पहिलं लिहितो."

त्या आठवड्यापासून शाळा सुटल्यावर दोघं व्हरांड्यात बसू लागले. म्याडम मांडीवर घड्याळ ठेवायच्या. दहा मिनिटं नुसतं पाहायचं, मग त्या म्हणायच्या, "आता हात चालव," आणि पवन मान खाली घालून कामाला लागायचा.