घावनाचा तुकडा

परळच्या एका हॉस्पिटलात मी नर्स आहे. आमच्या वॉर्डात पॅरालिसिस झालेले एक काका होते, लालबागचे, जुने गिरणी कामगार. उजवी बाजू लुळी, बोलणं जवळजवळ बंद, गिळायला त्रास. घट्ट पेजेशिवाय काही द्यायचं नाही, असं मी काकूंना दोनदा बजावलं होतं. काकू मान डोलवायच्या. पण पेज बघून काका तोंड फिरवायचे आणि काकूंचा जीव तुटायचा.

एका दुपारी मी शेजारच्या खाटेवर बीपी घेत असताना काकू किंचाळल्या, "सिस्टर, हे बघा कसे करतत!"

काकांचा डावा हात गळ्याशी होता. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, आवाज नाही, खोकलाही नाही. काकू त्यांच्या ओठांना पाण्याचा पेला लावत होत्या.

"पाणी नको!" मी पेला बाजूला सारला आणि डॉक्टरांना बोलवायला ओरडले. काकांना उठवून बसवलं, पुढे वाकवलं आणि खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार तडाखे दिले. काही नाही. ओठ निळे पडायला लागले. मग खाटेवर चढून मागून मिठी घातली, बेंबीच्या जरा वर मूठ रोवली आणि आत, वरच्या दिशेने दाबलं. तिसऱ्या की चौथ्या दाबाला एक पांढरा गोळा चादरीवर पडला आणि काका खोकले. इतका गोड खोकला मी कधी ऐकला नव्हता.

घावन होतं ते, तांदळाच्या पिठाचं, काकूंनी घरून आणलेलं. डॉक्टरांनी छाती तपासून एक्स-रे काढायला सांगितला. मी रागवायला तोंड उघडलं, तर खाटेचा दांडा धरून काकूच म्हणाल्या, "तेंका घावन खूप आवडता. माझ्याच हातान जीव गेलो असतो तेंचो."

मग कसलं रागावणं! त्यांना स्टुलावर बसवलं, चहा दिला. दुसऱ्या दिवशी भरवायला शिकवलं. ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा चांगल्या बाजूने, गिळल्यावरच पुढचा.

काकू इतक्या धसकल्या होत्या की दर चमच्याला विचारायच्या, "गिळलात?" चार दिवस काकांनी सोसलं. पाचव्या दिवशी वैतागून बोबड्या आवाजात म्हणाले, "गिळलंय गो, बाये!"

आजारपणानंतरचं त्यांचं ते पहिलं पुरं वाक्य. काकू चमचा हातात घेऊनच मला सांगायला धावत आल्या.